डोक्यावर पाय असलेली माशी

माझी सगळी नोकरी बाटलीत गेली असं म्हटलं की ऐकणारा माणूस जरा मागे सरकतो. मग मला खुलासा करावा लागतो. बाटली काचेची, तोंडाला कापसाचा बोळा. तळाशी मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि आगर घालून शिजवलेली घट्ट खीर, आणि त्या खिरीवर चिलटं. पिकल्या केळ्यांवर, फणसाच्या सालींवर, काजूच्या बोंडांवर घोंगावतात तीच. मालवणजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे, आणि वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली चिलटांची खोली माझ्या ताब्यात होती. निवृत्तीच्या दिवशी शेजारच्या काकींनी विचारलं, "बाई, इतकी वर्सां तुमी कॉलेजात काय केलास?" मी म्हटलं, "चिलटां पाळलंय." त्यांना वाटलं मी विषय टाळला.

चिलटं पाळण्याचं कारण त्यांच्या अंड्यात आहे. अंडं खसखशीच्या दाण्याहून बारीक, आकाराने तांदळासारखं लांबट. दुधाळ, साधं, बघण्यासारखं त्यात काही नाही असं वाटावं. पण एका दिवसात त्यातून अळी बाहेर पडते, आणि त्या एका दिवसात पुढचं टोक कुठलं, मागचं कुठलं, पंख कुठे यायचे, पाय कुठे यायचे हे सगळं आतमध्ये ठरून गेलेलं असतं. मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला वाटलं होतं की डोक्याच्या पेशींना डोक्याची जनुकं मिळत असतील आणि पायाच्या पेशींना पायाची. तसं नसतं. प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात. डोक्याच्या पेशीतही पाय बनवायचं ज्ञान असतं. ते तिथे वापरलं जाऊ नये म्हणून बंद करून ठेवावं लागतं. गर्भ घडतो तो जनुकं चालू होऊन, हे शाळेतली मुलंही सांगतील. पण कुठली जनुकं कुठे बंद करायची, केव्हा करायची, आणि एकदा बंद केलेली पुन्हा उघडू नयेत म्हणून पहारा कोणी द्यायचा, ही खरी कारागिरी. ती बघत माझं वय गेलं आणि त्याचा मला एक दिवससुद्धा कंटाळा आला नाही.

लोकांचा मात्र गैरसमज व्हायचा. एकदा देवगडकडचे एक बागायतदार तळेऱ्यावरून गाडी बदलत, हातात पिशवी घेऊन थेट चिलटांच्या खोलीत आले. पिशवीत किडलेले हापूस. "बाईंनू, तुमी माशयेच्या डॉक्टर ना? हेच्यात किडे पडले. औषद सांगा." मी त्यांना समजावलं की आंब्यात अंडी घालणारी फळमाशी वेगळी, मोठी. माझी चिलटं बिचारी सडलेल्या फळावर जगतात, चांगल्या आंब्याला त्यांचा उपद्रव नाही. ते म्हणाले, "माशी ती माशी. बारीक आसली म्हणान काय झाला?" मी त्यांना कृषी विद्यापीठाच्या केंद्राचा रस्ता सांगितला, पण एवढे लांबून आले होते म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एक अंडं दाखवलं. आतली हालचाल त्या वेळी नेमकी दिसत होती. ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "ह्यां आमच्या पोरांका दाखवक होयां." पुढच्या हंगामात त्यांनी एक पेटी आंबे पाठवले. त्यातला एक खरोखरच किडका होता.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

प्राजक्ता ही माझी शेवटची एम. एस्सी.ची विद्यार्थिनी. दोडामार्गची. वडील रोज गोव्यात कारखान्यात कामाला जायचे आणि हिनेही पदवीनंतर तिथेच लागावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांची सवलत तिने भांडून मिळवली होती. तिला तो पहारा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. सोप्या शब्दांत सांगायचं तर गर्भात जनुक बंद करणारी प्रथिनं दोन प्रकारची असतात. पहिली अगदी सुरुवातीला येतात, हद्द आखतात, अमुक जनुक या रेषेच्या पुढे चालायचं नाही असं ठरवतात, आणि थोड्या वेळाने नाहीशी होतात. ती गेल्यावर दुसरी येतात. त्यांना हद्द आखता येत नाही, पण आखलेली हद्द ती जन्मभर राखतात. पेशीच्या दोन झाल्या, चार झाल्या, तरी प्रत्येकीत ते जनुक बंदच राहील याची काळजी घेतात. प्राजक्ताला या दुसऱ्या प्रकारातलं एक प्रथिन नसलेले गर्भ हवे होते, आणि शरीराच्या मागच्या भागातलं एक जनुक जिथे जिथे चालू असेल तिथे निळा रंग उमटेल अशी सोय त्याच गर्भात हवी होती. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेने आम्हाला दोन वेगवेगळी वाणं दिली होती. त्यांचे संकर करत करत तिने कित्येक महिने घालवून दोन्ही गुण असलेलं वाण तयार केलं होतं. ते जगात फक्त आमच्या खोलीत होतं.

आणि मे महिन्यात वादळ आलं.

किनाऱ्याला ते घासून गेलं म्हणतात, पण आमच्याकडे माड पडले, खांब पडले, वीज गेली. कॉलेजचा जनित्रसंच पहिल्याच दिवशी बंद पडला. चिलटांना गारवा लागतो. मालवणच्या मे महिन्यात बंद खोलीत ती आधी अंडी घालायची थांबतात, नरांची प्रजननक्षमता जाते, आणि मग बाटल्यांच्या तळाशी मेलेल्या चिलटांचा काळा थर दिसायला लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी प्राजक्ता एक बाटली माझ्यासमोर धरून उभी राहिली. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, ही गेली."

मी छत्री घेतली आणि बंदरावर ताराक्काकडे गेले.

ताराक्का मासळीच्या व्यापारातली. लिलावाला तिचा शब्द चालतो, आणि बर्फाच्या लाद्या साठवायची तिची स्वतःची खोली आहे. माझी तिची ओळख गिऱ्हाईक म्हणून, तीही भाव न करणारं गिऱ्हाईक म्हणून, त्यामुळे तिला माझ्याबद्दल फारसा आदर नव्हता. त्या दिवशी ती खोलीच्या दाराशी बसून वितळणारं पाणी बघत होती.

"होडये बंद," ती म्हणाली. "बर्फ पडान रवलो आसा. तुमका कितको होयो? मासळी ठेवूची आसा?"

"चिलटां ठेवूची आसत."

मी तिला सांगितलं की एका मुलीची सगळी मेहनत त्या बाटल्यांत आहे आणि ती डोळ्यांदेखत मरते आहे. चिलटांबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही.

"चेडू खंयचा?" तिने विचारलं.

"दोडामार्गचा."

"बरां. चला."

टेम्पो तिचाच होता. रस्त्यात पडलेला माड वाडीतल्या माणसांनी कापेपर्यंत आम्ही थांबलो. मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या, गोणपाट आणि बर्फाच्या लाद्या घेऊन ती स्वतः जिने चढून वर आली. मासळीला बर्फ अंगाला लावून ठेवतात. चिलटांना तेवढी थंडी सोसत नाही हे मी सांगितलं. मग तळाला बर्फ, वर कोंडा, त्यावर फळी आणि फळीवर बाटल्या, अशी रचना आम्ही तिघींनी मिळून बसवली. प्राजक्ता दर थोड्या वेळाने प्रत्येक पेटीतला तापमापक बघत होती. रोज टेम्पो येत राहिला. बर्फ उतरवून ताराक्काचा माणूस एकच विचारायचा, "अक्कान विचारल्यान, जिती आसत काय?"

बाकीची बरीच वाणं गेली. प्राजक्ताच्या वाणाच्या मूठभर बाटल्या वाचल्या. आठवड्यानंतर वीज आली तेव्हा त्यांत अळ्या वळवळत होत्या. प्राजक्ता जमिनीवर बसली आणि तेव्हा रडली.

पेट्या न्यायला ताराक्का आली. आभाराचं बोलणं तिने झटकून टाकलं. "बर्फ तसोय वितळतलोच होतो." पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चिलटं असतात तरी कशी, हे तिला बघायचं होतं. विद्यार्थ्यांना दाखवायला आम्ही एक जुनं वाण ठेवलेलं असायचं, नशिबाने तेही वाचलं होतं. त्यातली एक माशी गुंगी देऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

ती वाकली. "हेच्या डोक्यार ह्यां काय?"

"पाय."

"पाय?"

"मिशांच्या जागी पाय इले."

ती पुन्हा वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. मग डोळा न काढताच तिने विचारलं, "हेच्या आवशीन ग्रहणात काय केल्यान?"

मला हसू येणार होतं, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती.

"काय नाय," मी म्हटलं. "ह्या बाटलयेत ग्रहण लागणा नाय. हेची आवस, आजी, पणजी, सगळी हयच जन्माक इली. ह्याच ट्यूबलायटीखाली."

"मगे?"

मग मी तिला सांगितलं. वर्गात जे सांगत आले तेच, फक्त मालवणीत. दशावतारात रंगपटात बसलेल्या सगळ्यांना सगळी गाणी येतात, पण सगळे एकदम बाहेर आले तर खेळ होत नाही. कोणी कुठल्या प्रवेशाला आत बसायचं हे ठरलेलं असतं. या माशीत पायाचं जनुक डोक्यात आत बसायला हवं होतं, ते बाहेर आलं.

"म्हणजे पाय करूची अक्कल डोक्यातपण आसता?"

"आसता. थंय ती गप बसवची लागता. हेच्यात ती गप बसली नाय."

"आनी तेका कारण?"

"जनुकातच एक बदल. आवशीकडसून नायतर बापाशीकडसून इलेलो. कोणी काय केल्यान म्हणान न्हय."

ताराक्का स्टुलावर सरळ बसली. प्राजक्ताला म्हणाली, "चेडवा, माका जरा चाय सांगून येशीत?" प्राजक्ता गेली तशी तिने पदर नीट केला.

"माज्या नातीच्या हाताक सा बोटां आसत," ती म्हणाली.

सून सुचिता पोटुशी असताना ग्रहणाच्या वेळी मासे कापायला बसली होती. घरात गिऱ्हाईक आलं होतं, सुरमईचे कापे करून द्यायचे होते. सासूने नको म्हटलेलं तिने ऐकलं नाही. मूल जन्मलं, सगळ्यांनी हात बघितला, आणि वाडीत ज्याला त्याला कारण मिळालं. ताराक्का बोलली ती सगळ्यांत जास्त. सुचिता बाळाला घेऊन आचऱ्याला माहेरी गेली होती आणि तिला परत आणायचं कोणी नावही काढत नव्हतं. मुलगा बोटीवर खलाशी, आईसमोर बोलणारा नव्हे. बारसं राहिलंच होतं.

मी तिला आधी हे सांगितलं की मी चिलटांची मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. बाळाला मुलांच्या डॉक्टरकडे न्या, असं बोट बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण तपासून घेतलेलं बरं. पण एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकत होते. गर्भात हात घडतानाही काही जनुकं ठरावीक जागी बंद राहावी लागतात, तेव्हा पाचच बोटं होतात. अशा कित्येक मुलांमध्ये तसं एखादं जनुक नको तिथे उघडं राहिलेलं सापडतं. विळीने किंवा ग्रहणाने ते उघडत नाही. आणि पुष्कळदा ते घराण्यातून येतं, कधी एखादी पिढी गाळूनही.

"तुमच्या घरात आदी कोणाक होतां?" मी विचारलं.

"नाय, नाय. आमच्यात कोणाक नाय," म्हणत तिने हात हलवला, आणि तो हात सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली आला. करंगळीच्या बाहेरच्या कडेला तांदळाएवढा एक गुळगुळीत उंचवटा होता.

"ह्यां काय?"

"ही? चामखीळ. जन्माची."

"जन्माची चामखीळ आसणा नाय, ताराक्का."

तिने हात जवळ घेऊन बघितला. रोज मासळी उचलणारा हात, तो तिने असा कधी बघितला नसावा. मग हळूहळू म्हणाली, "माजी आवस सांगत होती. थंय बारीकसां बोट लोंबत होतां. तिना दोरो बांदलेल्यान. आपसूक गळान पडलां."

अशी लटकती बोटं दोऱ्याने बांधून पाडायची पद्धत जुनी आहे, आणि नेमकी अशीच बोटं घराण्यात उतरतात. तपासणीशिवाय शिक्का मारता येत नाही, हे मी तिला सांगितलं. पण तिला आता माझ्या शिक्क्याची गरज नव्हती.

"म्हणजे ता माजां," ती म्हणाली.

"तुमचांपण काय चुकलां नाय."

"ता कळलां माका. पण मी तिका काय काय बोललंय ता माका ठावक आसा."

प्राजक्ता चहा घेऊन आली. ताराक्काने तो सगळा प्यायला, पेट्या उचलायला माणसाला हाक मारली आणि जिना उतरली. ती काय करणार याचा मला अंदाज नव्हता. मोठ्या माणसाने आपलं बोलणं मागे घेणं आमच्याकडे वादळाहून दुर्मीळ.

मधल्या काळात प्राजक्ताचा प्रयोग झाला. चिलटांच्या पिंजऱ्यात द्राक्षरसाची जेली ठेवायची, त्यावर पडलेली अंडी ब्रशने गोळा करायची, ब्लीचच्या पाण्यात बुडवून वरचं कवच काढायचं, मग गर्भ आहे त्या क्षणी थांबवून रंग द्यायचा. कोवळ्या गर्भांची एक काचपट्टी आणि वाढलेल्या गर्भांची दुसरी. तिने आधी कोवळी लावली. निळा रंग मागच्या अर्ध्या भागात, डोक्याकडचा भाग स्वच्छ, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. पहारेकरी प्रथिन नसूनही हद्द अगदी जागच्या जागी होती, कारण ती आखणारे अजून हजर होते. मग दुसरी काचपट्टी. तेच वाण, फक्त काही तासांनी मोठे गर्भ. निळा रंग हद्द ओलांडून पुढे सरकला होता, छातीत, मानेत, थेट डोक्यापर्यंत. आखणारे निघून गेले होते आणि राखणारं कोणी नव्हतं.

शहरातल्या लोकांना हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. यात नवा शोध नव्हता, आणि असे प्रयोग करायला आम्हाला इतका उशीर का व्हावा, याची खंत मला आहे. पण वाचून माहीत असणं आणि स्वतःच्या वाणात, स्वतःच्या हाताने रंगवलेल्या गर्भात बघणं यात फरक आहे. प्राजक्ता कितीतरी वेळ पहिल्या काचपट्टीवरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर जात राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, आपल्या प्रत्येक पेशीत हे आत्ता चालू आहे. आपण चहा पितोय तेव्हासुद्धा." तिच्या वडिलांना मी फोन केला आणि मुलीला पुढे शिकू द्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "तिना आदीच ठरवल्यान आसा, बाई. माका फक्त कळवल्यान." आज ती बाहेरगावी संशोधन करते. माझ्यामागे कॉलेजातली जागा भरली नाही आणि खोलीत आता परीक्षेची बाकं ठेवतात. त्याचं वाईट वाटतं, पण वाण तिच्याबरोबर गेलं हे बरं झालं.

पावसाळा सरता सरता ताराक्काचं बोलावणं आलं. बारसं होतं. मी आणि प्राजक्ता गेलो.

बंदरामागच्या तिच्या घरात बायकांची दाटी होती. सुचिताला मी पहिल्यांदा बघितलं. बारीक, सावळी, मान खाली. ताराक्का स्वतः आचऱ्याला जाऊन तिला घेऊन आली होती, एवढं मला दारातच कळलं. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनी कोणालाच सांगितलं नाही. बाळाच्या हातांत लोकरीचे मोजे होते, त्या उकाड्यातसुद्धा.

पाळणा हलवायच्या आधी ताराक्का पुढे झाली. तिने बाळाचा डावा मोजा काढला आणि ते चिमुकलं सहावं बोट आपल्या करंगळीशेजारी धरलं.

"बघून घेवा," ती म्हणाली. "ह्यां माज्याकडसून इलांहा. माज्या आवशीन दोरो बांदून पाडलेल्यान म्हणान तुमका दिसला नाय. ग्रहणाचां काय नाय हेच्यात. सुनेक मी बोललंय ता माजां चुकलां. आता कोण बोलात तर माका बोला."

मग भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या धाकट्या जावेने लुगड्यातून पाय पुढे केला. "माजी ही दोन बोटां जोडलेली आसत," ती म्हणाली. "लग्नात पायार तांदूळ इतके घातलेले की कोणाक दिसला नाय." कोणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, आपल्याला वरच्या जबड्यात एक दात जास्त आहे, आणि तोंड उघडून दाखवलाही. एकीने नवऱ्याचं सांगितलं तर तिला बाकीच्यांनी दटावलं, ज्याचं त्याने सांगायचं. सुचिता आता मान वर करून एकेकीकडे बघत होती.

धाकटी जाऊ माझ्याकडे वळली. "आनी तुमचां काय, बाई?"

माझ्या उजव्या कानापुढे सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे, जन्मापासूनचं. गर्भात कान घडताना एक शिवण नीट मिटली नाही की असं होतं. हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं आहे, आणि मुलगी होते तेव्हापासून केस त्या कानावर ओढून घेत आले आहे. मी केस मागे सारले. बाळाला खांद्यावर घेऊन सुचिता उठली, माझ्याजवळ आली आणि नीट बघायला खाली वाकली.